शब्द हवा: राष्ट्रभाषा, राजभाषा की देशभाषा?

रात्रपाळी: स्वित्झर्लंडमधल्या रोमांशवरचा जर्मन लेख मराठीत करतेय. त्यात 'लांडेसश्प्राखं' (देशाची भाषा) आणि 'आम्ट्सश्प्राखं' (सरकारी कामकाजाची भाषा) असे दोन वेगळे शब्द आहेत. या अल्पसंख्य भाषेला पहिला दर्जा १९३८च्या सार्वमतात मिळाला, दुसरा १९९६ला, तोही रोमांश बोलणाऱ्यांशी व्यवहारापुरताच. मी पहिल्याला राष्ट्रभाषा लिहिलं तर संपादकांनी दोन्हीकडे राजभाषा केलं, म्हणजे आता १९३८ला राजभाषा झालेली भाषा १९९६ला राजभाषा झाली! उद्या सकाळी द्यायचंय, सुचवा.

करवीरकर: राष्ट्रभाषा नकोच, लगेच हिंदीवरून जुंपते. घटनेत तर हिंदी संघाची राजभाषा आहे, राष्ट्रभाषा कुठलीच नाही. देशभाषा करा.

उनाड: नुसतं 'देशी' म्हटलं तरी लोकांना भलतंच आठवतं :)

खडूस काका: राजभाषेत राजा कुठाय? 'कारभारभाषा' म्हणा. महाराजांनी राज्यव्यवहारकोश उगाच करून घेतला का?

उनाड: काका, तो फारसी शब्द काढायला होता आणि कारभार फारसी 'कारोबार'चाच ना?

खडूस काका: कार्यभारावरून आलाय. कोश उघडा जरा.

म्हापसेकर: राजभाषेचं आम्हाला विचारा. गोव्यात १९८७च्या कायद्याने राजभाषा कोकणी, तीपण देवनागरीतली, आणि मराठी 'वापरता येईल'. आमच्या घरात बोलणं कोकणी, आरती नि पेपर मराठी. शेजारची बाय प्रार्थना रोमी लिपीत वाचते, तिची कोकणी कायद्यात नाहीच.

रात्रपाळी: अगदी हेच लेखात आहे! रोमांशच्या पाच लेखी बोली, १९८२ला हाइनरिश श्मिड यांनी त्यातून एक प्रमाणभाषा बेतली, ती शाळेत आणली तर कित्येक गावं म्हणाली ही आमची नव्हे, आणि परत आपापल्या बोलीवर गेली.

झुरिककर: इथल्या नोटेवर बँकेचं नाव चारही भाषांत आहे, रोमांशमध्ये 'बांका नाझियुनाला स्वित्स्रा'. पण झुरिकात ती मला कधी ऐकू आली नाही. एंगाडीनला, म्हणजे रोमांश बोलतात त्या खोऱ्यात, गेलो तेव्हा बेकरीवाली 'आलेग्रा' (त्यांचा नमस्कार) म्हणाली, मी जर्मनमध्ये पाव मागितला तर बाई पुढचं सगळं जर्मनमध्येच बोलली.

करवीरकर: पुण्यात आपण रिक्षावाल्याशी करतो तेच की.

म्हापसेकर: दर्जा देऊन काय उपेग मग?

खडूस काका: ते असो, वर 'अल्पसंख्य' लिहिलंय. अल्पसंख्याक पाहिजे.

करवीरकर: काका, अल्पसंख्यच बरोबर, तो 'क' कशाला लावायचा?

रात्रपाळी: अहो, माझं सकाळचं काय??

खडूस काका: थांब गं, आधी या 'क'चं मिटू दे.