घोडी पुढच्या पायांवर भार देत नाही, खुरं गरम – आखडली की लॅमिनायटिस (खुराच्या आतल्या पापुद्र्यांचा दाह)?

प्रश्न – पागा_खानदेश
मारवाडी घोडी, वय 9. सारंगखेड्याच्या बाजारासाठी दोन महिने अंगावर चढवली: रोज 3 किलो भिजवलेला हरभरा, अर्धा किलो गूळ, वर तूप. वैरण म्हणजे हत्तीगवत आणि उसाचं वाढं. फिरवणं जवळपास बंद. मानेवर कठीण वळी आली आहे. कालपासून पुढचे पाय पुढे टाकून मागे रेलून उभी राहते, फरशीवर पाऊल टाकत नाही, वळवली की अडते. लीद व्यवस्थित, खाणं चालू. मोतद्दार म्हणतो फिरवून मोकळी करू. दुसरा एक जण डेक्सामेथासोन टोचायला सांगतोय. काय करू?

खूर_आणि_नाल
फिरवू नका. नखाच्या आतल्या बाजूला खुराचं हाड ज्या पापुद्र्यांनी टांगलेलं असतं, ते ढिले पडलेत. प्रत्येक पावलागणिक हाड खाली ओढलं जातं. सगळ्यात जास्त नुकसान वळवताना होतं.

आधी नाडी बघा. मुठीच्या (खुराच्या वरच्या) सांध्याच्या मागे, दोन्ही बाजूंना बोटं हलकी टेकवा. निरोगी घोड्यात ती शोधावी लागते. इथे बोटाखाली ठोके उडताना जाणवतील. एकाच पायात असं असेल तर खुरात पू झालाय का तेही तपासा. दोन्ही पुढच्यांत असेल आणि घोडी अशी रेलत असेल तर लॅमिनायटिसच धरून चाला.

डेक्सामेथासोन अजिबात नको. ते स्टेरॉइड आहे, त्याने रक्तातलं इन्सुलिन आणखी चढतं, आणि इथे दुखण्याचं मूळ तेच दिसतंय. डॉक्टर फिनाइलब्युटाझोन देतील, साधारण 4.4 मिलिग्रॅम प्रति किलो दिवसातून दोनदा, दुसऱ्या दिवसापासून 2.2. टोचलं तर ते शिरेतच गेलं पाहिजे, बाहेर सांडलं तर मांस सडतं. सोबत दुसरं वेदनाशामक नको, पोटात व्रण होतात. डायक्लोफेनॅक तर जनावरांसाठी 2006 पासून बंदच आहे.

आजच बर्फ सुरू करा. नुसती पिशवी बांधून भागत नाही. खूर आणि मुठीचा सांधा बर्फ-पाण्यात बुडालेला हवा, 48 ते 72 तास, मध्ये खंड न पडता. खाली वाळू किंवा लाकडाचा भुसा निदान 15 सेंटिमीटर, भिंतीपर्यंत आणि दारापर्यंत. घोडी दारातच उभी राहते आणि नेमकी तिथेच फरशी उघडी असते.

पागा_खानदेश
नाडी दोन्हीकडे उडतेय. नाल आत्ताच काढू का? आणि खाणं पूर्ण बंद करू?

खूर_आणि_नाल
नाल ठोकाठोकी करून उपटू नका. खिळ्यांचे मुडपे कानशीने घासून एकेक खिळा वेगळा काढा. पाय उचलून धरताना दुसऱ्या पायावर दुप्पट भार येतो, तेव्हा तो जाड फोमवर ठेवा. उचलूच देत नसेल तर औषध लागू पडेपर्यंत थांबा. नालबंदाने खुराला हात लावण्याआधी बाजूने एक्स-रे हवाच. हाड किती फिरलंय आणि तळ किती जाड उरलाय हे डोळ्यांनी दिसत नाही. तळ कोरून 'मोकळा' करणारा नालबंद असेल तर त्याला परत पाठवा.

चाऱ्याचं_गणित
उपाशी ठेवू नका. लठ्ठ घोडी एकदम उपाशी राहिली की रक्तात चरबी उतरते, त्यात जीव जाऊ शकतो. वजन मोजा: छातीचा घेर × घेर × लांबी (सगळं सेंटिमीटरमध्ये, लांबी खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंत) भागिले 11880. घेर 170, लांबी 150 असेल तर साधारण 365 किलो. त्याच्या दीड टक्का म्हणजे साडेपाच किलो सुकी वैरण, वाळल्या गवताच्या हिशोबाने रोज सहा किलो, चार वेळांत विभागून.

हरभरा आणि गूळ आजपासून शून्य, वाढंही बंद. कडब्याचं धांड चावून बघा, गोड लागलं तर तोही नको. हिरवी ज्वारी घोड्याला तशीही वाईट, मूत्राशयाला लकवा येतो. हत्तीगवतातल्या ऑक्झलेटमुळे कॅल्शियम अडकतं आणि कालांतराने चेहऱ्याची हाडं सुजतात. त्यापेक्षा वाळलेलं मारवेल किंवा पवना घ्या, कुसळं आलेलं नको. ते तासभर पाण्यात बुडवा, पाणी ओतून द्या, मग घाला. त्या पाण्यातून साखर जाते. आपल्या उन्हात त्याहून जास्त वेळ ठेवलं तर आंबतं. क्षारही वाहून जातात, म्हणून घोड्यांचं खनिज मिश्रण आणि 30 ग्रॅम मीठ वरून.

रक्त_तपासणी
हा पायाचा आजार नाही, इन्सुलिनचा आहे. मानेवरची वळी हीच त्याची खूण. हरभऱ्यातला स्टार्च आणि गुळातली साखर, दोन्ही त्याला चढवतात. दुखणं उतरल्यावर इन्सुलिनची तपासणी करा, कारण वेदनेतही आकडा चढतो. नमुन्याआधी चार तास फक्त वाळलं गवत. माणसांच्या लॅबमधली प्रत्येक पद्धत घोड्याचं इन्सुलिन पकडत नाही, आधी विचारून घ्या. आकडा कमी आला तरी सुटलो समजू नका. मग उपाशीपोटी साखरेचा पाक पाजून 60 ते 90 मिनिटांनी पुन्हा नमुना घेतात.

घोडा पंधरा वर्षांपुढचा असता, केस लांब राहून झडत नसते, पाणी आणि लघवी वाढली असती, तर पिट्युटरीचा (मेंदूखालच्या ग्रंथीचा) आजार म्हणून रक्तात एसीटीएच हे तिचं संप्रेरक बघायला सांगितलं असतं. त्यावर पर्गोलाइड हे औषध असतं, 2 मायक्रोग्रॅम प्रति किलोपासून, रोज, आयुष्यभर. नऊ वर्षांच्या घोडीत ती शंका कमीच.

पागा_खानदेश
पुढच्या महिन्यात बाजारात उभी करता येईल?

खूर_आणि_नाल
नाही. खूर महिन्याला जेमतेम 8-10 मिलिमीटर वाढतं, पुढचा भाग पूर्ण नवा यायला नऊ महिने ते वर्ष. औषध बंद करून फरशीवर सरळ चालली, तीही दुखणं न दाखवता महिनाभर, की मग हातात धरून मऊ जमिनीवर दहा मिनिटं. तोपर्यंत दर चार-पाच आठवड्यांनी पुढचं टोक मागे घ्यायचं आणि नवं खूर वरून कोणत्या कोनात उतरतंय ते बघायचं.