बाटलीचा टी-शर्ट आणि हिरवं पान

कापूसकोंड्या
परवा लेकासाठी मॉलमधून टी-शर्ट आणला. लेबलवर हिरवं पान आणि खाली 'टाकाऊ बाटल्यांपासून बनवलेला'. लेक खूश. मी मात्र तेव्हापासून धुसफुसतोय, म्हणून हा चर्चेचा धागा.

माझं म्हणणं असं, की 'शाश्वत' म्हणून जे खपवतात ते सगळं थोतांड. त्यात कापड बदलतं, धंदा बदलत नाही. बाटली गोळा करून तिची पुन्हा बाटली होते. तिचा शर्ट केला की बहुतेक वेळा प्रवास तिथेच संपतो, आणि दर धुण्याला बारीक प्लास्टिक तंतू मोरीतून वाहून जातात ते वेगळंच.

बरं, खरं संशोधन होतं तेव्हा काय झालं? स्वीडनमध्ये सुंडस्वालला एका जुन्या कागद गिरणीत रिन्यूसेल नावाच्या कंपनीने २०२२ मध्ये कारखाना सुरू केला. जुन्या सुती कपड्यांचा लगदा आणि त्या लगद्यापासून व्हिस्कोसचा नवा धागा. एच अँड एम या कपड्यांच्या बड्या ब्रँडचा पैसाही त्यात होता. कौतुक करायला सगळे पुढे, ऑर्डर द्यायची वेळ आली की मागे. फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. पुढे नव्या मालकाने ती घेतली, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

उभाआडवा
लेबल वाचून धागा काढणं सोपं आहे हो. मी इचलकरंजीचा, त्याआधी सहा वर्षं तमिळनाडूत तिरुपूरला डाईंगमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कामात होतो. परदेशी ब्रँड नसते तर आम्हाला 'रंगात काय घालता' असं विचारायला काळं कुत्रंही आलं नसतं. २०११ मध्ये ग्रीनपीस या पर्यावरणवाल्या संघटनेने ब्रँडांच्या मागे ससेमिरा लावला आणि ब्रँडांनी एकत्र येऊन घातक रसायनांची यादी केली. ती यादी आमच्या रंगाच्या खोलीत भिंतीवर असायची. यादीतला डबा सापडला तर ऑर्डर गेली. याला तुम्ही देखावा म्हणता?

कापूसकोंड्या
@उभाआडवा, तिरुपूरचा उल्लेख तुम्हीच केलात ते बरं झालं. रंगाच्या सांडपाण्याने तिथल्या नोय्यल नदीची वाट लागली आणि जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने शेकडो डाईंग युनिटं बंद करायला लावली, त्यानंतर तिथलं पाणी सुधारलं. ब्रँड त्याआधीही तिथूनच माल उचलत होते ना?

उभाआडवा
उचलत होते. मान्य.
पण कोर्टाने आदेश दिला म्हणून पाणी आपोआप शुद्ध होत नाही. सुती कापडावर रिॲक्टिव्ह रंग चढवायला मीठ लागतं, तेही पोत्यांनी. ते खारं पाणी आधी बारीक छिद्रांच्या पडद्यांतून गाळायचं, उरलेलं आटवायचं, मीठ परत काढून रंगाईच्या पुढच्या खेपेला वापरायचं. बाहेर थेंब सोडायचा नाही. हे शिकायला माणसांनी रात्री काढल्या, कर्जं काढली. जगात कुठेही दाखवावं असं काम आहे ते. फक्त एक सांगतो. आटवायला वीज आणि जळण किती जातं ते आमच्या मालकाला विचारा. दर वाढवून मागितला की खरेदीवाला बाई-माणूस कुणीही असो, उत्तर एकच, 'बांगलादेशात स्वस्त पडतं.'

कापूसकोंड्या
मग आपण भांडतोय कशावर?

उभाआडवा
तुम्ही 'सगळं थोतांड' म्हणालात त्यावर.

पवनचक्की
मी नेदरलँड्समध्ये उट्रेख्टला राहते. इथल्या ग्राहक प्राधिकरणाने २०२२ मध्ये एच अँड एम आणि डेकॅथलॉन यांना 'कॉन्शस', 'इकोडिझाइन' असले मोघम शब्द दुरुस्त करायला लावले. दोघांनी मिळून नऊ लाख युरो शाश्वत कामांसाठी द्यायचंही कबूल केलं. तेव्हा लेबलाबद्दल मी धागाकर्त्यांच्या बाजूने.

पण सगळ्यांना एका माळेत ओवू नका. पॅटागोनिया या अमेरिकन कपड्यांच्या कंपनीने २०११ च्या ब्लॅक फ्रायडेला, म्हणजे तिकडच्या मोठ्या सेलच्या दिवशी, न्यूयॉर्क टाइम्समध्ये जाहिरात दिली होती, 'हे जॅकेट घेऊ नका'. दुरुस्तीचा विभाग ते खरंच चालवतात. २०२२ मध्ये संस्थापकांनी आख्खी मालकी एक ट्रस्ट आणि पर्यावरणासाठी काम करणारी एक संस्था यांच्या नावे केली. धंदा बदलत नाही म्हणता, हा काय मग?

वेचणी
राजेहो, तिकडचं जॅकेट राहू द्या, इकडचा कापूस पाहा. मी यवतमाळकडचा. 'ऑरगॅनिक कॉटन' लिहिलेला शर्ट दिसला की मला हसू येते. शेत सेंद्रिय म्हणून मान्य व्हायला तीनेक वर्षं जातात. तेवढी वर्षं उत्पन्न कमी आणि भाव साध्या कापसाचा. आजूबाजूला सगळं बीटी, बियाणं बिगर-बीटी मिळवताना नाकी नऊ. ही तीन वर्षं कोणता ब्रँड अंगावर घेते? भाव जास्त पाहिजे तर सर्टिफिकेट पाहिजे, आणि सर्टिफिकेट कागदच असते. २०२० मध्ये सेंद्रिय कापडाचं मानक ठरवणाऱ्या गॉट्सवाल्यांनीच सांगितलं, भारतातला २० हजार टन कापूस खोट्या कागदांवर सेंद्रिय म्हणून दाखवला होता. शेतकऱ्यानं नाही बनवले बरं ते कागद. त्याच्या घरी प्रिंटर कुठून येणार.

सोनपापडी
सगळे ज्ञानी जमलेत, म्हणून भीतभीत लिहिते. मला दोन मुलं, गणवेश सोडून वर्षाला प्रत्येकी सहा-सात कपडे लागतात. शुद्ध, सेंद्रिय, प्रामाणिक शर्ट दोन हजारांचा असेल तर तो माझ्यासाठी नाहीच. बाटलीचा का होईना, सहाशेचा शर्ट दोन वर्षं टिकला तर मी ब्रँडला नावं ठेवणार नाही. आमची आजी जुन्या लुगड्यांची गोधडी...

पवनचक्की
धाग्यावर गोधडी आली. आता बोहारीण येईल.

सोनपापडी
येऊ दे की! बोहारणीकडे जुने कपडे दिले की निदान स्टीलचं पातेलं हातात पडायचं. आता दुकानातल्या खोक्यात टाकले की कूपन मिळतं, तेही नवीन कपडे घेण्यासाठीच. गोधडीचं म्हणाल तर पॉलिएस्टरची गोधडी करून बघा. घाम फुटेल.

कापूसकोंड्या
कूपनचा मुद्दा मी लिहायला हवा होता. +१

@पवनचक्की, पॅटागोनिया कुटुंबाच्या मालकीची होती, म्हणून त्यांना ते जमलं. शेअर बाजारातल्या कंपनीने 'घेऊ नका' म्हणून दाखवावं, गुंतवणूकदार दुसऱ्या दिवशी दारात. बर्बेरी या महागड्या ब्रिटिश ब्रँडचं आठवा. २०१७-१८ या आर्थिक वर्षात सुमारे २ कोटी ८६ लाख पौंडांचा न खपलेला माल नष्ट केला, का तर ब्रँडचा भाव उतरू नये. बोंबाबोंब झाल्यावर पुढच्या वर्षी थांबवलं.

पवनचक्की
थांबवलं ना पण? आणि फ्रान्सने २०२२ पासून न खपलेले कपडे नष्ट करायला कायद्यानेच बंदी घातली. तिथे दुरुस्तीच्या बिलातही सवलत मिळते, २०२३ पासून. जॅकेटचं फाटकं अस्तर शिवून घेतलंत तर काही युरो वजा. तो पैसा येतो ब्रँडांकडून घेतलेल्या वर्गणीतून. मला हे लेबलापेक्षा भारी वाटतं.

वेचणी
हे बरं आहे. म्हणजे भरणारा तिकडचाच. आमची तीन वर्षंही त्या वर्गणीत बसवा म्हणावं.

उभाआडवा
वेचणीभाऊ, आटवणीचं बिलही बसवा.
@कापूसकोंड्या, तो टी-शर्ट कितीला घेतलात?

कापूसकोंड्या
छापील १,२९९. सेलमध्ये ६४९.

उभाआडवा
त्यात रंगाईवाल्याच्या वाट्याला काय येतं ते पाळी संपल्यावर मांडून दाखवतो. शर्टाचं वजन करून ठेवा, आमचा दर किलोवर असतो.