सॅम्पल पॅक आणि खरं मशीन यात फरक पडतो

वर एकांनी लिहिलंय की ८०८ या जुन्या ड्रम मशीनचे सॅम्पल (म्हणजे रेकॉर्ड करून ठेवलेले आवाज) फुकट मिळतात, मग जुन्या डब्यामागे धावणं म्हणजे निव्वळ नॉस्टॅल्जिया. किमतीचं पटतं, पण आवाजाचं अजिबात नाही. रोलंडच्या टीआर-८०८ मध्ये (1980 ते 83) रेकॉर्ड केलेला एकही आवाज नाहीये, सगळं सर्किटमधून तयार होतं. हाय-हॅट आणि सिम्बल या झांजांच्या आवाजांसाठी आत सहा ऑसिलेटर (सूर निर्माण करणारी सर्किटं) सतत चालूच असतात, बटण फक्त दार उघडतं, त्यामुळे प्रत्येक ठोका लाटेच्या वेगळ्याच जागी पकडला जातो आणि किंचित वेगळा वाजतो. किकचंही (मोठ्या ड्रमच्या खर्ज ठोक्याचंही) तेच, आधीचा घुमत असताना पुढचा पडला की दोन्ही एकमेकांत मिसळतात. एकच सॅम्पल पुन्हापुन्हा वाजवून हे कसं येणार?

आणि दुसरं, जे इथे कोणीच बोललं नाही. पॅटर्न, म्हणजे मशीनवर फिरत राहणारा ठेका, 16 पायऱ्यांचाच (एका पायरीला एक बटण) हवा असं नाही, शेवटची पायरी आपण ठरवू शकतो. इथे नाशिकला पंचवटीतला माझा एक तबलजी मित्र आहे, त्याच्यासोबत बसून आम्ही 808 च्या क्लोनवर (त्याच्यासारख्या बनवलेल्या नकलेवर) 14 पायऱ्या लावल्या, 3-4-3-4 अशा विभागांचा दीपचंदी ताल, खालीच्या विभागात किक काढून टाकली आणि तो वर वाजवत सुटला, अक्षरशः तासभर थांबेना! बोटाखाली बटणांची रांग आणि दिवे दिसत असल्याने त्याला विभाग लगेच कळले, लॅपटॉपवर माउसने हेच करताना तो कायम वैतागायचा. ज्यांना तालाचं अंग आहे त्यांनी एकदा तरी हात लावून बघाच.