शेतीची कामं सांभाळून कॅट आणि सीईटीचं टाइमटेबल कसं बसवायचं?

कापूसकोंड्याची_लेक:
नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातली, जिल्हा यवतमाळ. यंदा बीकॉम झालं. नोव्हेंबरची कॅट (आयआयएमसारख्या मॅनेजमेंट कॉलेजांच्या एमबीए प्रवेशाची परीक्षा) अन् त्यानंतरची एमबीएची राज्याची सीईटी दोन्ही द्यायच्या आहेत. क्लाससाठी नागपूर-अमरावतीले राहाव लागते अन् ते या वर्षी शक्य नाही, बाबांचं ऑपरेशन झाल्यापासून वावरातलं बरंचसं आई अन् मीच पाहून राहिलो. पेरणी आटोपली, आता निंदण-डवरण चालू आहे. यूट्यूबवर जे टाइमटेबल भेटते ते सगळं सकाळी ९ ते १२ क्वांट म्हणजे गणित, २ ते ५ वर्बल म्हणजे इंग्रजी असंच. मी तसं लिहून भिंतीले लावलं पण चार दिवसाच्या वर चाललं नाही, कारण ९ वाजता मी वावरात असतो. गणित बरं आहे, पण इंग्रजीचा एक पॅसेज वाचायलेच १५ मिनिटं लागतात अन् शेवटपर्यंत जाईस्तोवर सुरुवात विसरते. लॅपटॉप नाही, मोबाइल आहे. रोज किती तास अन् कोणत्या क्रमाने करू, कोणी सांगेल का?

जागलीवरचा_कंदील:
ताई, मी चांदूर रेल्वेकडचा, दोनदा कॅट दिली अन् शेवटी सीईटीवर सीट भेटली, त्यामुळे मनापासून सांगतो. घड्याळावर टाइमटेबल बसवू नको, पिकावर बसव. मागची काही वर्षं कॅट नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी होऊन राहिली, म्हणजे सोयाबीनची सोंगणी, मळणी, कापसाचा पहिला वेचा, हरभऱ्याची पेरणी अन् दिवाळी हे सगळं परीक्षेच्या आधीच्या दोन महिन्यांतच येते. माझी पहिली कॅट तिथंच गेली. ऑक्टोबरमधे रोज ६ तास करू असं धरून चाललो होतो अन् अख्खा महिना खळ्यावर गेला, पुस्तक हाती आलं ते थेट दिवाळीनंतर. म्हणून नवीन जे शिकायचं ते पोळ्याच्या आत संपव. आता डवरणीच्या दिवसात सकाळी ४ ते साडेसहा अन् रात्री एक तास भेटतो ना, तेवढा पुरते. पहाटे क्वांट अन् डीआयएलआर (तक्ते-आलेख अन् तर्काचे प्रश्न), कारण त्याले ताजं डोकं लागते. रात्री फक्त वाचन. पाऊस लागून वावरात जाता येत नाही त्या दिवशी तीन-चार तास जास्तीचे काढ, झडीचे दिवस आपल्याइकडे अभ्यासाले सोन्यासारखे असतात. पोळ्यानंतर फक्त सराव. सोंगणीच्या पंधरा दिवसात रोज डीआयएलआरचा एक सेट अन् एक पॅसेज एवढंच ठेव, पण ते मोडू नको.

मॉक म्हणजे सराव परीक्षा मोबाइलवर देऊ नको. तालुक्याच्या जागी एमएससीआयटीचे क्लास असतात, त्यायले विचार, रविवारी दोन तास एक कॉम्प्युटर द्यायले बहुतेक जण तयार होतात. मी तसंच केलं. कॅटमधे तीन सेक्शन, प्रत्येकाले ४० मिनिटं, अन् वेळ संपल्याशिवाय पुढच्या सेक्शनमधे जाता येत नाही, मागंही येता येत नाही. हे स्क्रीनसमोर बसल्याशिवाय अंगात भिनत नाही.

वाशिमचे_सर:
बेटा, गणितात आधी अंकगणित पक्कं कर. टक्केवारी, गुणोत्तर, सरासरी, काळ-काम-वेग. हे तुझ्या घरात रोजच चालते. १०० किलो कापसातून समज ३४ किलो रुई निघते अन् दुसऱ्या वाणाची ३५ निघाली. फरक किती? पोरं पटकन सांगतात १ टक्का. पण ३४ वर १ वाढला म्हणजे वाढ जवळपास ३ टक्के झाली. नेमकी हीच चूक परीक्षेत होते. दोनशे पानी एक वही फक्त चुकांसाठी ठेव. डाव्या पानावर प्रश्न जसाच्या तसा, उजव्या पानावर आपण काय समजलो अन् काय समजायले हवं होतं. पंधरा दिवसांनी डावं पान पाहून परत सोडव. माझ्या विद्यार्थ्यांत जे खरोखर सुधारले त्यायची ही वही फाटेस्तोवर वापरलेली होती.

आणखी एक. २०२४ च्या कॅटमधे ६८ प्रश्न होते, बरोबरले ३ गुण, पर्याय दिलेला प्रश्न चुकला तर १ वजा, अन् जिथं उत्तर स्वतः टाइप कराव लागते तिथं वजा नाही. सगळे सोडवायचा हट्ट नको, कोणता सोडायचा हे समजणं मोठी गोष्ट आहे. सीईटी नेमकी उलटी. २०० प्रश्न, १५० मिनिटं, म्हणजे एकाले ४५ सेकंद, अन् निगेटिव्ह नाही, त्यामुळे एकही रिकामा सोडायचा नाही. त्यात लॉजिकल रिझनिंगच ७५ प्रश्नांचं आहे. कॅट झाली की डिसेंबरपासून वेगावर काम कर.

धानाच्या_बांधावरून:
मी गोंदिया जिल्ह्यातली, आमच्याकडे धान, पण गत तीच. इंग्रजीचं सांगते, माझंही मराठी मीडियमच. रोज एक संपादकीय मोठ्यानं वाच, अन् प्रत्येक पॅरा झाला की मोबाइल उलटा ठेवून स्वतःलाच मराठीत सांग की लिहिणाऱ्याचं म्हणणं काय. मी हे आईसोबत रोवणीला जाताना बांधावरून करायची, ती ऐकायची अन् म्हणायची, मग त्याचं म्हणणं बरोबर आहे का? त्या एका प्रश्नानं मला पॅसेज समजायला लागले. दीड महिन्यात वेळ निम्म्यावर आला.

आणि अभ्यासाइतकंच महत्त्वाचं, कागदपत्रं आत्ताच काढ. कॅटचे फॉर्म साधारण ऑगस्टमधे निघतात. ओबीसी असशील तर नॉन क्रिमी लेअर लागते, आयआयएमसाठी ते केंद्राच्या नमुन्यात, अन् राज्याच्या प्रवेशाला जात वैधता. माझी वैधता अडकली होती अन् मी ऐन मॉकच्या दिवसात तीन आठवडे ऑफिसच्या चकरा मारत होते, ते दिवस परत आले नाहीत. तुझे जाऊ नयेत.

कापूसकोंड्याची_लेक:
तुम्हा सगळ्यांचे खूप आभार. रात्री आईजवळ बसून वाचून दाखवलं. आई म्हणे सोंगणीले यंदा दोन बाया जास्तीच्या सांगू, तू पहाटेचं मोडू नको. नॉन क्रिमी लेअरचं सोमवारी सेतूत जाऊन विचारते. सर, वही आजच आणली. एक विचारायचं राहिलं, नागपूर सेंटर आलं अन् सकाळची शिफ्ट असली तर?

जागलीवरचा_कंदील:
सकाळची शिफ्ट साडेआठची असते, त्याच दिवशी एसटीनं निघून पोहोचणं होत नाही. आदल्या दिवशी दुपारीच नीघ, कोणी नातेवाईक असतील तर आत्ताच सांगून ठेव. अन् शेवटचे चार मॉक त्याच वेळेले दे, साडेआठले.

कापूसकोंड्याची_लेक:
मावशी आहे मानेवाड्याले. सांगतो तिले.