मदत हवी आहे : माणूस गेल्यावर घरच्यांचा पाठपुरावा कसा बसवावा?

कोल्हापुरात घरपोच पॅलिएटिव्ह (गंभीर आजारात त्रास हलका करणाऱ्या) सेवेसाठी वेळापत्रक आखतोय. पहिला फोन तेराव्यानंतर, मग ३ आणि ६ महिन्यांनी, शेवटचा वर्षश्राद्धाच्या आठवडाभर आधी. घोडं अडतं नंबरावर. फाइलवर पेशंटचाच मोबाइल असतो. तो बंद, नाहीतर नातवाच्या हातात. म्हणून नोंदणीवेळीच दोन नंबर घ्यायचे, त्यातला एक रात्री जागणाऱ्या बायकोचा किंवा सुनेचा. थोरला मुलगा ‘सगळं बरं आहे’ म्हणून मोकळा होतो! ६ महिन्यांनीही जेवणझोप थाऱ्यावर नसेल तर समुपदेशक. जीव नकोसा झाल्याचं बोलणं निघालं तर त्याच दिवशी, अपरात्रीसुद्धा, टेली-मानस (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) १४४१६.

गगनबावडा, शाहूवाडीकडच्या वाड्यांवर रेंज नसते. तिथं आशाताईंकडून निरोप धाडावा का? की गावभर बोभाटा होतो? कुणी करून बघितलंय?