मदत हवी आहे : आई रोज पुण्यातच झोपते, पण पत्ता कुठला द्यायचा?

कॉटखालची_पेटी
नमस्कार. बरेच दिवस इथे नुसतं वाचते आहे, लिहिते पहिल्यांदाच. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय अडचण कळणार नाही.

माझी आई चोवीस तासांच्या ड्युट्या करते. ब्यूरोकडून पेशंटच्या घरी जायचं, तिथेच राहायचं, तिथेच झोपायचं. कोथरूडला दोन वर्षं झाली, मग औंध, मग सात महिने बिबवेवाडी, सध्या कर्वेनगरला आहे. पेशंट बरा झाला किंवा गेला, की दुसऱ्या दिवशी पिशवी उचलून पुढचं घर. मी सदाशिव पेठेत एका वाड्यात कॉट बेसिसवर राहते, एका खोलीत चौघी. आईची पत्र्याची पेटी माझ्या कॉटखाली असते.

पूर्वी आमची भाड्याची खोली होती, अरण्येश्वरजवळ, आंबिल ओढ्याच्या कडेला. २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र पुण्यातल्या लोकांना सांगायला नको. पाणी छातीपर्यंत आलं तेव्हा आम्ही शेजाऱ्यांच्या माळ्यावर चढलो म्हणून वाचलो. सकाळी खाली उतरलो तर रेशनकार्ड, माझ्या मार्कशीट, बाबांच्या मृत्यूचा दाखला, सगळं चिखलात. नव्या खोलीला डिपॉझिट भरायची ऐपत नव्हती, म्हणून आईने चोवीस तासांचं काम धरलं. "वर्षभर करू, मग बघू," म्हणाली होती. ते वर्ष अजून संपलं नाही.

आधारवर आजही त्याच खोलीचा पत्ता आहे. तिथे आता दुसरंच कुटुंब राहतं. इतके दिवस फारसं अडलं नाही, आता अडलंय. बँकेने केवायसीचं पत्र जुन्या पत्त्यावर पाठवलं, ते परत गेलं आणि खात्यातून पैसे काढणं बंद झालं. आईने या कामावर साठवलेलं सगळं त्याच खात्यात आहे. शाखेत दोनदा जाऊन आलो. सध्याच्या पत्त्याचा पुरावा आणा, एवढंच सांगतात.

आणि २० नोव्हेंबर २०२४ ला, विधानसभेच्या वेळी, आई दोन तासांची सुट्टी घेऊन, इस्त्रीची साडी नेसून मतदानाला गेली, तर यादीत नाव नाही. त्या दिवशी ती फोनवर फार बोलली नाही.

कर्वेनगरच्या पेशंटच्या मुलाला मी विचारलं, तुमच्या घरचा पत्ता लावू का. माणूस चांगला आहे, आईला मान देतो. पण म्हणाला, "पत्ता नको, उद्या जागेवर हक्कबिक्क निघाला तर?" आईला हे कळलं तेव्हा ती माझ्यावरच रागावली. "ज्यांच्या घरचं मीठ खाते त्यांच्याकडे घर मागितल्यासारखं झालं ते," म्हणाली. मला त्या माणसाचाही राग येत नाही, पण मग आईने जायचं कुठे?

एक एजंट दोन हजारांत कुठल्या तरी सोसायटीचा खोटा करार करून देतो म्हणतो. ते आम्हाला दोघींनाही नको आहे. खरा मार्ग काय आहे? ज्यांनी यातून काही केलं असेल त्यांनी कृपया सांगा.

जुना_कॅशियर
ताई, आधी बँकेचं बघू. मी एकतीस वर्षं बँकेत होतो. आधारने ओळख पटवल्यावर सध्याचा पत्ता आधारवरच्या पत्त्यापेक्षा वेगळा असेल, तर ग्राहकाला तसं स्वयंघोषणापत्र देता येतं. ही रिझर्व्ह बँकेच्या केवायसी निर्देशांतलीच तरतूद आहे. काउंटरवरच्या माणसाला बरेचदा ठाऊक नसते, म्हणून तोंडी बोलू नका. शाखाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच घेतली की कागद हलतो, हा माझा अनुभव.

मात्र नुसता पत्ता बदलत असाल तर बँक दोन महिन्यांत त्याची खातरजमा करते, बहुधा पत्र पाठवून. तेव्हा जो पत्ता द्याल तिथे पत्र हातात घेणारं माणूस हवं. आईंचा पत्ता वरचेवर बदलतो, म्हणून तुमचा द्या.

पेठेतला_एक
तुमचा द्या हे बरोबर, पण त्यासाठी आधी तुमचा पत्ता कागदावर यायला हवा. कॉट बेसिसवाल्या मुलामुलींचं इथेच घोडं अडतं. भाडं रोख, पावती नाही, करार तर नाहीच.

मालकांना शांतपणे सांगा, की महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, भाडेकरूची नाही. शिवाय करार नसेल आणि वाद झाला, तर मालकाला उलटं शाबित करता येईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. म्हणजे करार त्यांच्याच सोयीचा आहे. नोंदणी फी शहरात १००० रुपये, मुद्रांक शुल्क पाव टक्का, कॉटच्या भाड्याला ते किरकोळच निघतं. सगळं ऑनलाइन होतं, बायोमेट्रिकचं यंत्र घेऊन माणूस घरी येतो. खर्च मी करते म्हणालात तर बहुतेक मालक तयार होतात.

तो करार दाखवून तुमचं आधार बदला. मग आईंच्या आधारसाठी कुटुंबप्रमुखामार्फत पत्ता बदलण्याची सोय वापरा. २०२३ पासून आहे. कुटुंबप्रमुख म्हणजे घरातला कर्ता पुरुषच असं नाही, अठरा वर्षांवरचं कुणीही चालतं. विनंती आईंच्या लॉगिनमधून जाते, ती तुम्ही तीस दिवसांत मंजूर करायची. नातं दाखवणारा कागद पुरात गेला असेल, तर ठरावीक नमुन्यात तुमचं स्वयंघोषणापत्र चालतं. दोघींचे मोबाइल आधारला जोडलेले आहेत का, ते मात्र आजच बघा.

सासूबाईंची_सून
मला पेशंटच्या मुलाबद्दल लिहायचं आहे, कारण त्याच्या जागी आम्ही होतो. सासूबाईंपाशी मावशी साडेतीन वर्षं राहिल्या. त्यांनी एकदा पत्ता मागितला आणि आम्ही टाळलं. सासूबाई गेल्या, मावशी गेल्या, आणि ती टाळाटाळ मला अजून टोचते.

नंतर ओळखीच्या वकिलांकडून कळलं, की भीती निराधार होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या एका निकालात स्पष्ट म्हटलंय की केअरटेकर, वॉचमन किंवा घरातला नोकर कितीही वर्षं राहिला तरी त्याला त्या मालमत्तेत हक्क मिळत नाही. त्याचा ताबा मालकाच्या वतीनेच धरला जातो. हे त्या मुलाला दाखवा. नाही म्हणाला तरी त्याला माहीत तर होईल.

टपालपेटी_४११
नोकरी टपाल खात्यात झाली म्हणून दोन गोष्टी. जुन्या खोलीच्या पोस्टात टपाल वळवण्याचा अर्ज द्या, म्हणजे यापुढची पत्रं नव्या पत्त्यावर येतील. आणि स्थिर पत्ता नसलेल्यांसाठी 'पोस्ट रेस्टांट' ही जुनी सोय आहे. नाव, खाली 'पोस्ट रेस्टांट', खाली साधू वासवानी चौकातलं जीपीओ, ४११००१. ओळखपत्र दाखवून पत्र घेऊन जायचं. ठरावीक दिवसच ठेवतात आणि राहण्याचा पत्ता म्हणून बँक हे धरत नाही, पण इतर पत्रांना उपयोगी पडतं.

मतदार यादीचं सांगतो. नाव कुठेच नसेल तर अर्ज क्रमांक ६ नव्याने भरा. मतदार नोंदणीला मालकीचं घर लागत नाही, माणूस सर्वसाधारणपणे कुठे राहतो ते बघतात. पत्त्याचा कागदच नसेल तर बीएलओ, म्हणजे त्या भागाची मतदार यादी सांभाळणारा कर्मचारी, प्रत्यक्ष येऊन पाहतो. ज्यांना छप्परच नाही त्यांच्यासाठी तर तो अर्जात लिहिलेल्या जागी रात्री जाऊन खात्री करतो, की हे माणूस खरंच इथे झोपतं.

कॉटखालची_पेटी
सगळ्यांचे मनापासून आभार. बँकेत लेखी अर्ज दिला, पोच घेतली. शाखाधिकाऱ्यांनी स्वतः वाचला आणि सोमवारी बोलावलं आहे. वाड्याच्या मालकांशी बोलले. खर्च मी करणार म्हटल्यावर हो म्हणाले, पण "तुझ्या एकटीच्याच नावाचा" हे तीनदा बजावलं. माझा मोबाइल आधारला जोडलेला आहे, आईचा पुरात हरवलेलाच नंबर निघाला, तो उद्या केंद्रावर जाऊन बदलायचा आहे.

सासूबाईंची सून, तुमचं लिहिलेलं आईला फोनवर वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती. निकालाचं पेशंटच्या मुलालाही कळवलंय, वकिलाला विचारतो म्हणाला.

टपालपेटी काका, रात्री खात्री करायला येणाऱ्या बीएलओंचंही सांगितलं आईला. म्हणाली, "कितीही वाजता येऊ देत. आजोबांना दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, मी जागीच असते."