डीव्हीडीवर चित्र दिसायलंय पण आवाजच येईना

परळीकर: गावातल्या सप्त्याच्या काल्याचं कीर्तन मोबाईलवर शूट केलंय, आजीला गुडघ्यामुळं जाता आलं नाही म्हणून तिला डीव्हीडी करून द्यायचीय, टीव्ही जुना आहे पेनड्राईव्ह लागत नाही. मोबाईलची एमपी४ फाईल प्लेअर घेईना म्हणून एका कन्व्हर्टरनं एव्हीआय केली अन् बर्न केली, आता टाळकरी नाचताना दिसायलेत पण आवाज शून्य! लॅपटॉपवर तीच डिस्क एकदम खणखणीत वाजते. बाकीच्या डीव्हीडी प्लेअरवर चांगल्या वाजतात, म्हणजे वायर ठीक आहे. काय करावं?

उदगीरचा: एव्हीआय म्हणजे नुसता डबा आहे भाऊ, आत आवाज कोणत्या कोडेकमधी (म्हणजे दाबून साठवायच्या पद्धतीत) भरलाय ते बगा. लॅपटॉपवर व्हीएलसी प्लेअरमधी फाईल लावून कंट्रोल जे दाबा. मोबाईल आवाज एएसीमधी रेकॉर्ड करतो अन् कन्व्हर्टरनं बहुतेक तोच तसाच ठेवला असंल. जुन्या प्लेअरला एमपी३ नाहीतर एसी३ कळतो, एएसी नाही कळत.

परळीकर: बरोबर, एएसीच दाखवायलंय, ४४१०० हर्ट्झ. मग परत सगळं कन्व्हर्ट करावं लागंल का? लॅपटॉप लई स्लो आहे, मागच्या वेळी रात्रभर चालला.

उदगीरचा: चित्राला हात लावायची गरजच नाही. अ‍ॅव्हीडीमक्स हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात व्हिडिओ आउटपुट कॉपीवर ठेवा, ऑडिओ एमपी३ करा, १९२ केबीपीएस, बिटरेट कॉन्स्टंटच (एकसारखा) ठेवा, एव्हीआयमधी व्हेरिएबल एमपी३ टाकला की आवाज मागंपुढं व्हायचा धोका असतो. फॉरमॅट एव्हीआय मक्सर निवडून सेव्ह करा, चित्र नुसतं कॉपी होतं म्हणून लवकर उरकतं.

नांदेडहून: वरचा उपाय त्यांच्या प्लेअरला चालंल पण तीच डिस्क मामाकडं, मावशीकडं वाजंलच असं नाही. घरात जपून ठेवायची असंल तर खरी डीव्हीडी व्हिडिओच बनवा, ज्यात व्हिडिओ_टीएस फोल्डर असतं ती. डीव्हीडीस्टायलर हे सॉफ्टवेअर वापरा, पाल (आपल्याकडच्या टीव्हीची पद्धत) निवडा, म्हणजे ७२० बाय ५७६ अन् २५ फ्रेम, आवाज एसी३ ४८ किलोहर्ट्झ. डीव्हीडी व्हिडिओत एसी३ आवाज ४८ चाच लागतो, ४४.१ तिथं बसतच नाही. वेळ लागंल हे खरं, रात्री लावून झोपा. अन् मोबाईलचा फ्रेमरेट कमीजास्त होत राहतो, त्यानं तासाभराच्या कीर्तनात शेवटी शेवटी बुवांचे ओठ अन् आवाज जुळत नाहीत, म्हणून मूळ एमपी४ आधी हँडब्रेक सॉफ्टवेअरमधून काढा, २५ फ्रेम अन् कॉन्स्टंट फ्रेमरेट करून.

परळीकर: अ‍ॅव्हीडीमक्सनं झालं!! अभंग, मृदंग सगळं स्पष्ट ऐकू येतंय, आजी सकाळपासून टीव्हीपुढून हलंना. काकांकडं द्यायला रात्री डीव्हीडीस्टायलर लावतो. बर्निंग स्पीड किती ठेवू?

नांदेडहून: १६ एक्सची डिस्क असली तरी ८ एक्सच्या वर जाऊ नका, जुने प्लेअर घाईत बर्न केलेल्या डिस्कवर कधी कधी अडकतात. अन् फायनलाइजवर (म्हणजे डिस्क पक्की बंद करून दुसऱ्या प्लेअरवर वाजंल अशी करणं) टिक असू द्या.